मेकेलची पिशवी: चारशे वर्षांचा शोध आणि हरवलेला छेद

बी.एस्सी.ला झूलॉजी घेतलं असेल तर कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइड्स तुम्ही बघितल्याच असतील. ३३ तास, ४८ तास, ७२ तास. वहीत आकृती काढायची, नावं द्यायची, सरांची सही घ्यायची, झालं. त्या स्लाइडवर बलक नसतो, तो आधीच बाजूला काढलेला असतो. त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटते. भ्रूणाचं आतडं आणि बलक एका नळीने जोडलेले असतात. पिल्लू बाहेर आल्यावर उरलेला बलक जिरतो आणि त्या नळीचं एक बारीक टोक आतड्यावर कायमचं राहतं. कोंबडीच्या आतड्यावरचा तो छोटा उंचवटा पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ओळखीचा असतो, कारण आतड्याचा कुठला भाग कुठे संपला हे त्यावरून ठरवता येतं. त्याला म्हणतात मेकेलचं डायव्हर्टिक्युलम.

कोंबडीत हे नॉर्मल आहे. माणसात मात्र ही नळी आईच्या पोटातच, साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात, पूर्ण नाहीशी व्हायला हवी. काही जणांमध्ये ती पूर्ण जात नाही. मग लहान आतड्याच्या शेवटच्या भागावर बोटाच्या टोकाएवढी किंवा त्याहून मोठी एक पिशवी उरते. बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही. थोड्यांना मात्र जिवावरचं दुखणं होतं.

आज या पिशवीचा इतिहास सांगायचा आहे, पण सनावळी पाठ व्हावी म्हणून नाही. पेट किंवा नेट देऊन तुम्ही उद्या संशोधनाला बसाल, तेव्हा थिसिसचा दुसरा चॅप्टर लिहावा लागेल, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा. तिथे बहुतेक जण ‘अमक्याने अमक्या साली हे शोधलं’ अशी माळ ओवतात. या पिशवीचा इतिहास तसा लिहिला तर त्यातली खरी गोष्टच हरवते. प्रत्येक पिढीने ‘शोध’ लावला, पण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता. आणि एक साधा प्रश्न आपल्या वऱ्हाडासाठी अजून उत्तराची वाट बघतोय.

पाहिली एकाने, नाव दुसऱ्याचं

आतड्यावर अशी पिशवी असते हे १५९८ मध्ये जर्मन सर्जन फॅब्रिशियस हिल्डानसने नोंदवलं. १७०० मध्ये पॅरिसच्या अलेक्सी लित्रेला ती हर्नियात अडकलेली सापडली. अशा हर्नियाला आजही लित्रेचा हर्निया म्हणतात. १७०१ मध्ये नेदरलँड्सच्या फ्रेडरिक रॉइशने तिचं चित्र छापलं. म्हणजे अठरावं शतक सुरू होतानाच नोंद होती, रुग्ण होता, चित्र होतं. मग नाव मेकेलचं का?

कारण ही पिशवी येते कुठून, हे त्याने सांगितलं. हर्नियात आतड्याची भिंत ताणली गेली आणि त्यामुळे पिशवी तयार झाली, असं लित्रेला वाटलं होतं. विचार वाईट नव्हता, त्याच्यासमोर तेवढंच होतं. मेकेलसमोर जास्त होतं.

योहान फ्रीडरिश मेकेलचा जन्म १७८१ चा, जर्मनीतल्या हाले गावातला. आजोबा शरीरशास्त्रज्ञ, वडीलही शरीरशास्त्रज्ञ. घरात पिढ्यान् पिढ्या जमवलेला सांगाड्यांचा आणि नमुन्यांचा मोठा संग्रह होता. तो संग्रह आजही हालेत आहे. मेकेल पॅरिसला जाऊन कुव्हिएकडे शिकला. तिथे प्राण्यांची तुलना करून शरीररचना समजून घेण्याची सवय त्याला लागली. १८०६ मध्ये नेपोलियनने हाले घेतलं आणि तिथलं विद्यापीठच बंद केलं. ते पुन्हा उघडल्यावर, १८०८ मध्ये, मेकेल तिथे प्राध्यापक झाला आणि १८०९ मध्ये आतड्यावरच्या या पिशवीवरचा त्याचा लेख आला.

त्याचा युक्तिवाद आजच्या कुठल्याही रिसर्च पेपरला शोभेल असा होता. पिशवी ताणामुळे होत असेल तर ती आतड्यावर कुठेही आणि कितीही व्हायला हवी. प्रत्यक्षात ती एकच असते आणि ठराविक भागातच असते. ती जन्मलेल्या बाळातही सापडते, म्हणजे पुढच्या आयुष्यात झालेली नाही. तिच्या भिंतीत आतड्याचे सगळे थर असतात. आणि पक्ष्यांमध्ये बलकाची नळी जिथे जोडलेली असते, तिथेच ती असते. म्हणजे ही त्या नळीची उरलेली खूण.

इथे कोंबडी परत येते. मेकेलच्या आधी सुमारे चाळीस वर्षं कास्पार फ्रीडरिश वोल्फने कोंबडीच्या भ्रूणात आतडं कसं तयार होतं याचं निरीक्षण करून ठेवलं होतं. त्या काळी बरेच विद्वान मानायचे की जीव सुरुवातीपासूनच छोट्या रूपात पूर्ण तयार असतो, फक्त मोठा होतो. वोल्फने दाखवलं की आतडं आधी सपाट पदरासारखं असतं, मग त्याची घडी पडून नळी होते. हे काम सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने लॅटिनमध्ये छापलं आणि ते फारसं कुणी वाचलं नाही. १८१२ मध्ये त्याचा जर्मन अनुवाद केला तो मेकेलनेच.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी हे नीट बघा. मेकेलच्या हातात नवीन यंत्र नव्हतं. दोन वेगळ्या कपाटांत पडलेली माहिती त्याने एकत्र आणली: एका कपाटात माणसाच्या पोटातली विचित्र पिशवी आणि दुसऱ्यात कोंबडीचं अंडं.

रक्त का पडतं?

पिशवी कुठून येते हे कळलं. पण ती रक्तस्राव का करते, हे कळायला आणखी शंभर वर्षं गेली.

१९०४ मध्ये साल्झरने अशा पिशवीच्या आत जठराचं अस्तर असल्याचं नोंदवलं. म्हणजे पोटातलं आम्ल तयार करणाऱ्या पेशी, पण चुकीच्या जागी. १९०७ मध्ये डीट्झने याचा आणि अल्सरचा संबंध जोडला. यातली गंमत समजून घ्या. जठराचं अस्तर स्वतःला आम्लापासून सांभाळतं. शेजारच्या आतड्याला ते संरक्षण नसतं. त्यामुळे जखम बहुतेक वेळा पिशवीच्या तोंडाशी किंवा शेजारच्या आतड्याला होते. पुढे ऑपरेशन कसं करायचं हे यावरूनच ठरलं. रक्तस्राव होत असेल तर नुसती पिशवी कापून भागेलच असं नाही, शेजारचा आतड्याचा तुकडाही काढून टोकं जोडावी लागू शकतात.

लहान मुलात हा आजार कसा दिसतो? आई सांगते, ‘पोराले शौचातून रगत पडून राह्यलं, पण पोट काही दुखत नाही म्हणते.’ न दुखता पडणारं, विटकरी किंवा गडद लाल रक्त, तेही विशेषतः दोन-तीन वर्षांच्या मुलात, ही या पिशवीची जुनी ओळख आहे. मोठ्यांमध्ये चित्र वेगळं असतं. पिशवीपासून बेंबीपर्यंत एखादा दोरा उरलेला असेल तर त्याभोवती आतड्याला पीळ बसतो. कधी पिशवीच आत ओढली जाते आणि आतड्यात आतडं शिरतं. कधी ती सुजते, आणि हुबेहूब अपेंडिक्ससारखं दुखतं. म्हणून सर्जनांमध्ये एक चांगली रीत आहे: अपेंडिक्स समजून पोट उघडलं आणि अपेंडिक्स चांगलं निघालं, तर लहान आतडं मागे दोन-तीन फूट तपासून बघायचं.

आता वऱ्हाडाचा विचार करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. मेळघाटात कुपोषण आहे, जंत आहेत, विदर्भाच्या आदिवासी भागात सिकलसेल आहे. सिकलसेलच्या दुखण्यात पोट इतकं दुखतं की ऑपरेशन लागेल असं वाटावं. टायफॉइडचा अल्सर आणि आतड्याचा टीबी हेही लहान आतड्याच्या त्याच शेवटच्या भागात घर करतात. अशा ठिकाणी एक फिकट पडलेलं मूल आलं, तर त्याचा ॲनिमिया ‘इथं तर सगळ्यांनाच असतो’ म्हणून लोहाच्या गोळीवर किंवा रक्ताच्या बाटलीवर भागवला जाऊ शकतो. रक्त चढवलं, मूल सुधारलं, घरी गेलं, आणि पिशवी तिथेच. अमेरिकेच्या पुस्तकात जे लक्षण ठळक दिसतं, ते आपल्याकडे गर्दीत हरवतं. आजार तोच, पण आजूबाजूचे आजार बदलले की निदानाची अडचण बदलते.

टेक्नेशियमची गाय

पोट न उघडता ही पिशवी बघायची कशी? एक्स-रेला ती सहसा दिसत नाही. वाट मिळाली ती भौतिकशास्त्रातून.

१९३७ मध्ये इटलीतल्या पालेर्मोत पेरिए आणि सेग्रे यांनी बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात एक नवं मूलद्रव्य शोधलं: टेक्नेशियम. पोटाशी त्याचा काहीच संबंध नव्हता. पुढे त्याचं ९९एम हे रूप वैद्यकात आलं. हे पर्टेक्नेटेट या क्षाराच्या रूपात शिरेतून दिलं की जठराच्या अस्तरातल्या पेशी ते ओढून घेतात. मग जठराचं अस्तर चुकून आतड्यातल्या पिशवीत असेल तर? गॅमा कॅमेऱ्यात तीही उजळेल. १९७० मध्ये ज्युएट आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं. यालाच ‘मेकेल स्कॅन’ म्हणतात.

नाव मेकेल स्कॅन असलं तरी ही चाचणी पिशवी शोधत नाही, ती जठराचं अस्तर शोधते. पिशवी आहे पण आत तसं अस्तर नाही, तर स्कॅन कोरा येतो. मुलांमध्ये खऱ्या रुग्णांपैकी साधारण ८५ टक्के जण या चाचणीत सापडतात, मोठ्यांमध्ये साधारण ६० टक्के. म्हणून ‘स्कॅन निगेटिव्ह, म्हणजे पिशवी नाही’ हे वाक्य चूक आहे. तुमच्या विषयात कुठलीही टेस्ट वापराल तेव्हा आधी हे विचारा: ही टेस्ट नेमकं काय मोजते, आणि मला काय मोजलं जातंय असं वाटतंय?

दुसरी अडचण अंतराची. टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं होतं. रात्री मुंबईहून निघालेलं टेक्नेशियम बारा तासांनी वऱ्हाडात पोचलं तर एक चतुर्थांशच उरेल. म्हणून टेक्नेशियम पाठवत नाहीत, त्याची आई पाठवतात. मॉलिब्डेनम-९९ ला निम्मं व्हायला ६६ तास लागतात, म्हणजे बारा तासांच्या प्रवासानंतरही सुमारे ८८ टक्के शिल्लक. त्यातून टेक्नेशियम सतत तयार होत राहतं, आणि हवं तेव्हा सलाइनने काढून घेता येतं. या जनरेटरला न्यूक्लिअर मेडिसिनवाले गमतीने ‘गाय’ म्हणतात आणि काढण्याला ‘दूध काढणं’. नवी मुंबईत वाशीला अणुऊर्जा विभागाचं ‘ब्रिट’ आहे, तिथून असे जनरेटर पुरवले जातात. गाय प्रवास करू शकते. पण दूध काढायला गोठा लागतो, म्हणजे गॅमा कॅमेरा, परवाना आणि प्रशिक्षित माणसं. ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयात नसतं. म्हणून लक्षणं पक्की असतील तर दुर्बिणीतून पोटात थेट बघणं हा आज मान्य मार्ग आहे. त्यात निदान आणि उपचार एकाच बैठकीत होऊ शकतात.

काढायची की ठेवायची?

त्रास देणारी पिशवी काढायची, यावर वाद नाही. वाद आहे तो दुसऱ्याच कारणाने पोट उघडलं आणि गुपचूप बसलेली पिशवी दिसली तर काय करायचं, यावर. हा वाद आहे भागाकाराचा.

एमबीबीएसच्या मुलांना ‘दोनचा नियम’ पाठ असतो: २ टक्के लोकांत, झडपेपासून २ फुटांवर, २ इंच लांब, २ वर्षांच्या आत त्रास. लक्षात ठेवायला झकास. पण यातले २ टक्के पुढे कुठे कुठे गेले ते बघा.

१९७६ मध्ये सॉल्टेरो आणि बिल यांनी अमेरिकेतल्या किंग काउंटीत पंधरा वर्षांत त्रास झालेले २०२ रुग्ण मोजले. हा अंश, तो खराच मोजला. छेद होता पिशवी असलेल्या सगळ्या लोकांचा. ते कोण मोजणार? म्हणून लोकसंख्येचे २ टक्के धरले. उत्तर आलं: जन्मभरात त्रास होण्याची शक्यता सुमारे ४.२ टक्के, वय वाढेल तशी कमी. निष्कर्ष: गुपचूप पिशवी काढू नका. १९९४ मध्ये मेयो क्लिनिकच्या कलन आणि सहकाऱ्यांनी ओल्मस्टेड काउंटीतून ६.४ टक्के असं उत्तर काढलं. निष्कर्ष उलटा: काढा. २००८ मध्ये झानी आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र तपासले. शवविच्छेदनांमध्ये पिशवीचं प्रमाण १.२ टक्के निघालं. एक मृत्यू टाळायला ७५८ पिशव्या काढाव्या लागतील, आणि काढल्यावर गुंतागुंत होण्याचं प्रमाण ५.३ टक्के, ठेवल्यावर १.३ टक्के. निष्कर्ष पुन्हा: ठेवा. आज बरेच सर्जन मधला रस्ता धरतात. रुग्ण तरुण आहे का, पुरुष आहे का, पिशवी दोन सेंटिमीटरपेक्षा लांब आहे का, हाताला आत वेगळं काही लागतंय का, हे बघून ठरवतात.

आता कागद घ्या. २ टक्के धरून ४.२ टक्के आले होते. रुग्ण तेवढेच ठेवून प्रमाण १.२ टक्के धरलं तर? ४.२ गुणिले २ भागिले १.२, म्हणजे ७ टक्के. एकही रुग्ण वाढला नाही, तरी धोका दीडपटीपेक्षा जास्त झाला. फक्त छेद बदलला.

हेच गणित आपल्याकडे लावू. २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्हा २८.८८ लाख आणि अकोला १८.१४ लाख. मिळून सुमारे ४७ लाख. २ टक्के धरले तर ९४ हजार लोकांत पिशवी. त्यातल्या ४.२ टक्क्यांना जन्मभरात त्रास, म्हणजे साधारण ३,९५०. सत्तर वर्षांवर पसरवा: वर्षाला ५६ च्या आसपास. दोन्ही जिल्हे मिळून आठवड्याला एक रुग्ण. लक्षात ठेवा, हा अमेरिकेच्या दराने काढलेला कच्चा अंदाज आहे. त्याचा उपयोग एवढाच की मग विचारता येतं: हा आठवड्याचा एक रुग्ण आपल्याकडे कुठल्या नावाखाली नोंदला जातो? ॲनिमिया? अपेंडिक्स? आतड्याला पीळ?

ऑपरेशनचा खर्च हा पूर्वी मोठा अडसर होता. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होतं. अकोला दुसऱ्या टप्प्यात, नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं. आता ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. अशा योजनेच्या कागदांत झालेलं ऑपरेशन मोजलं जातं, म्हणजे अंश मिळतो. छेद तिथे मिळत नाही.

छेद मिळेल तो ऑपरेशन थिएटरच्या नोंदवहीत, आणि त्याला नवं मशीन लागत नाही. अपेंडिक्ससाठी किंवा दुसऱ्या कशासाठी पोट उघडलं आणि सर्जनने आतडं मागे तपासलं, तर पिशवी सापडली की ते लिहितात. सापडली नाही तर बहुधा काहीच लिहीत नाहीत. मग ‘बघितलं, नव्हती’ आणि ‘बघितलंच नाही’ या दोन्ही ओळी कागदावर सारख्याच कोऱ्या दिसतात. तिथे तीन रकाने केले तर: आतडं किती फूट तपासलं, पिशवी होती की नव्हती, काढली असेल तर आत कुठलं अस्तर निघालं. अमरावती आणि अकोल्याच्या मोठ्या रुग्णालयांत दोन-तीन वर्षं हे भरलं गेलं, तर ऑपरेशन झालेल्यांपुरता का होईना, वऱ्हाडाचा स्वतःचा छेद हाताशी येईल. मग इथल्या सर्जनला दुसऱ्याच्या काउंटीचा आकडा उसना घ्यावा लागणार नाही.

तुमच्यापैकी कुणी वैद्यकात, नर्सिंगमध्ये, सार्वजनिक आरोग्यात किंवा स्टॅटिस्टिक्समध्ये पीएच.डी.चा विषय शोधत असेल तर हा घ्या. सिनॉप्सिस लिहिताना एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सर्जनची तयारी या दोन गोष्टी आधी बघा. आणि विषय वेगळा असला, तरी दुसऱ्या चॅप्टरमध्ये कुठलाही टक्का लिहिण्याआधी मूळ पेपर उघडा, पद्धतीचा भाग वाचा आणि त्या टक्क्याशेजारी पेन्सिलने लिहून ठेवा: छेद मोजलेला की धरलेला?